वहिनी उलट बोलेनात

वन्सं आणि वहिनी एका घरात राहायला लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत भांडणाशिवाय एकही दिवस गेला नव्हता. दोघींनाही त्यात काही गैर वाटत नसे. वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, दादाची, धाकटी बहीण. लग्नाचा योग दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा वन्संनीच समोरच्यात खोट काढली होती, त्यामुळे त्या भावाकडेच राहिल्या. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांचे कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, हे त्यांचं काम. दिवसभर शिंप्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन वहिनींच्या. वहिनीही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. इकडून एक वाक्य गेलं की तिकडून दोन यायची, आणि दुसरं जास्त झोंबायचं. मध्ये दादा बसलेला असायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरात एकच शब्द बोलायचा, "बघू."

वहिनींना डेअरीत सगळे चवताई म्हणत. पहाटे पाचपासून दुधाचे कॅन यायला लागायचे. ओला ओटा, झाकणं उघडल्याचा खणखणाट, ट्रकवाल्यांची घाई, आणि मधोमध रबरी बूट घातलेल्या वहिनी. हातात लांब दांड्याचा चमचा. तो गरम पाण्यातून काढायचा, कॅनमध्ये बुडवायचा, थेंबभर दूध जिभेवर घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि शेजारच्या बादलीत थुंकायचं. मग "घ्या" किंवा "परत". बस्स. यंत्रही होतं, पण एका कॅनला ते चार मिनिटं घ्यायचं आणि सकाळी दोनशे कॅन यायचे. वहिनींना एका कॅनला दोन श्वास पुरत. दूध खारट लागलं की त्या म्हणत, "गाईची कास सुजलीय, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा." पचपचीत लागलं की नुसत्या दूधवाल्याकडे बघत, आणि तो आपणहून कॅन उचलून चालू लागे. हे कसब त्यांना आधीच्या म्हाताऱ्या तपासनिसाने शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. अठरा वर्षांत वहिनींचा निकाल कुणी खोटा पाडला नव्हता.

गंमत म्हणजे वहिनींना स्वतःला दुधाचा तिटकारा होता. लहानपणापासून. चहा बिनदुधाचा, कपाळाला आठ्या घालून. वन्सं म्हणायच्या, "सोनाराला दागिन्यांची शिसारी यावी तसं आहे हिचं." वहिनी म्हणायच्या, "तुम्हीही दिवसभर कपडे सरळ करता, स्वभाव कुठे सरळ झालाय?"

असं सगळं छान चाललं होतं.

मग एका मंगळवारी जेवताना वन्सं म्हणाल्या, "भाजी खारट झालीय." उत्तर ऐकायला त्यांनी कान टवकारले. वहिनी म्हणाल्या, "हो का? झाली असेल."

वन्संनी मान वर करून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींच्या नव्या चपलांना नावं ठेवली. वहिनी नुसत्या हसल्या. तिसऱ्या दिवशी वन्संनी आपलं हुकमी अस्त्र काढलं. वहिनींचं माहेर. "तुझ्या माहेरचे सगळेच विसरभोळे," त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ तर स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा आला होता." या वाक्यावर आजवर कमीत कमी अर्धा तास लढाई व्हायची. वहिनी म्हणाल्या, "असेल." आणि ताट उचलून आत गेल्या. वन्संच्या हातातला घास हातातच राहिला.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी आजारी आहे."

"कशावरून?"

"उलट बोलत नाही."

"मग चांगलंच आहे की," दादा म्हणाला. वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच म्हणाला, "बघू."

तीन आठवड्यांनी वहिनींचं डोकं दुखायला लागलं. आधी कधीमधी, मग रोज. संध्याकाळी अंगात कणकण, अंथरूण घामाने भिजलेलं, कंबर धरलेली. गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी चष्म्याचा नंबर बदलायला सांगितलं. मग सर्दी साठलीय म्हणाले. मग पित्त. मग वय. वहिनी बेचाळीस वर्षांच्या होत्या. "बेचाळीस हे काय वय झालं?" वन्संनी दवाखान्यात सगळ्यांसमोर विचारलं. "मी चाळीसची आहे. दोन वर्षांनी मीही अशी होणार का?" डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

वन्संचा विश्वास गोळ्यांवर नव्हता, मोजपट्टीवर होता. त्यांनी वहिनींचे कपडे एकदा कमरेत इंचभर आत घेतले. महिन्याभराने पुन्हा इंचभर. तिसऱ्यांदा टाचण्या लावताना हाताला बरगड्या लागल्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, काय होतंय तुला?" वहिनी भिंतीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "डोक्यात कुणीतरी कापूस भरलाय. बोलायचं सुचतं, पण तोंडापर्यंत येईतो जातं."

चौथ्या महिन्यात डेअरीच्या मॅनेजरचा फोन आला. चवताईंनी नासलेल्या दुधाचा कॅन "घ्या" म्हणून पुढे पाठवला होता आणि नंतर त्याच ओट्यावर बसून त्यांना उलट्या झाल्या होत्या. दादाने त्या दिवशी "बघू" म्हटलं नाही. चालू लिफ्टचं काम सोडून तो तसाच आला, हाताला काळं ग्रीस.

मोठ्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी वहिनींची हनुवटी छातीला टेकवायचा प्रयत्न केला. मान वाकेना. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला आणि वन्संना खोलीत बोलावून नीट समजावून सांगितलं. मेंदूच्या भोवती जे आवरण असतं त्याला सूज आहे. ही सूज एकदम आलेली नाही, महिनोन्‌महिने आत धुमसतेय. पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्यात, साखर कमी झालीय. असं बऱ्याच कारणांनी होतं. टीबी, बुरशी, कॅन्सर, आणखी किती तरी. बुरशी दिसली नाही, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. टीबीची तपासणीही नकारार्थी आली, पण या आजारात ती बरेचदा फसवते.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या.

"खात्रीने माहीत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण वाट बघत बसलो तर त्या हातच्या जातील. टीबीचीच शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून आज औषध सुरू करतोय."

माणूस सरळ होता, एवढं वन्संनी मनातल्या मनात मान्य केलं. औषध सुरू झालं आणि खरंच गुण आला. ताप उतरला, डोकेदुखी ओसरली, तीन आठवड्यांनी वहिनी चालत घरी आल्या. दादाने शेजाऱ्यांना पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. फक्त वन्संचं समाधान होईना. त्या रोज एक खडा टाकून बघत. भाजी, चपला, माहेर. वहिनी म्हणायच्या, "असेल." फार तर म्हणायच्या, "वन्सं, दमलेय हो."

"गोळ्या चालू आहेत ना? मग होईल बरी," दादा म्हणायचा.

"ताप बरा झालाय," वन्सं म्हणायच्या. "वहिनी बरी झालेली नाही."

दोन महिन्यांनी टीबीच्या गोळ्यांसोबत दिलेलं सूज कमी करणारं औषध थांबलं, आणि सगळं पुन्हा उलटलं. डोकेदुखी परत आली ती पहिल्यापेक्षा जोरात. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. आणि एका सकाळी वहिनींनी वन्संना विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" वन्सं मोरीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि तिथे उभ्याउभ्या रडल्या. एकोणीस वर्षं जिच्याशी भांडले तिने आपल्याला ओळखलं नाही. रडता रडता त्यांना कळून चुकलं की जगात आपल्याला आतून-बाहेरून ओळखणारं हे एकच माणूस आहे, आणि तेच चाललंय. मग त्यांनी तोंड धुतलं आणि टॅक्सी बोलावली.

या वेळी मोठे डॉक्टर गंभीर झाले. टीबीच असेल, पण औषधाला न जुमानणारा, म्हणाले. आणखी जालीम औषधं द्यावी लागतील, आणि ती कानाला, किडनीला त्रास देऊ शकतात. दोन दिवसांत ठरवू. वन्संनी त्यांना दारात अडवलं.

"डॉक्टर, तुम्ही अंदाजावर दुसरा अंदाज चढवताय. कपडा चुकला तर आम्ही शिवण उसवतो, वरून दुसरी घालत नाही."

मोठ्या डॉक्टरांना असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांचे कान लाल झाले. पण मागे उभ्या असलेल्या धाकट्या डॉक्टरने हे ऐकलं. ही मुलगी नुकतीच या वॉर्डात आली होती. किडकिडीत, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा. संध्याकाळी ती एकटीच परत आली, स्टूल ओढून वन्संशेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, आपण उसवू या. पहिल्यापासून सांगा."

तास दीड तास तिने विचारून घेतलं. घरात कुणाला टीबी? नाही. घरात पक्षी, कबुतरं? नाही. प्रवास? वहिनी कुठे जातात, दादाला सुट्टी असते कधी! काम काय? डेअरीत, तपासणीत. मुलीने "तपासणी" असं लिहिलं आणि तिच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या आल्या असणार. "कच्चं दूध पितात का?"

"ही?" वन्संना एवढ्या दुःखातही हसू आलं. "हिला दुधाचा वासही सहन होत नाही. चहासुद्धा काळा पिते. विचारा हवं तर."

मुलीने वाकून वहिनींच्या चांगल्या कानात विचारलं. वहिनींनी डोळे मिटूनच तोंड वाकडं केलं. "दूध? शी."

मुलीने "नाही" असं लिहिलं. याआधी तीन डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि तिघांनीही "नाही" लिहिलं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि चुकलं ते नेमकं इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात दुधाचे पेले आले. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई कुरकुरल्या, "आजचं दूध बरोबर नाही. नुसतं पाणी." वॉर्डातली बाई म्हणाली, "रोजचंच आहे, आजी." वन्सं दोघींचं भांडण रस घेऊन ऐकत होत्या, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून हात पुढे आला. वहिनींचा. दोन दिवस त्या धड डोळे उघडत नव्हत्या, पण "दूध बरोबर नाही" हे शब्द त्यांना कापसातूनही ऐकू गेले होते. त्यांनी आजीबाईंच्या पेल्यात बोट बुडवलं, थेंब जिभेवर ठेवला, क्षणभर थांबल्या आणि नॅपकिनमध्ये थुंकल्या.

"पाणी आहे," त्या स्वच्छ म्हणाल्या. "आणि दोनदा उकळलंय. परत."

आणि पुन्हा आडव्या झाल्या.

खाटेच्या पायथ्याशी धाकटी डॉक्टर उभी होती. तिने चष्मा वर सरकवला. "हे काय केलं यांनी?"

"चव घेतली," वन्सं म्हणाल्या. "तिचं कामच आहे ते."

"काम म्हणजे?"

"डेअरीत. रोज सकाळी. चमचा बुडवायचा, जिभेवर घ्यायचं, थुंकायचं."

"उकळलेल्या दुधाची?"

"उकळलेल्याची चव घेऊन काय कळणार? कच्च्या दुधाची. कॅन उघडला की."

"रोज किती?"

"दोनशे."

मुलगी खाटेच्या कडेवर मट्कन बसली. "मावशी, काल मी विचारलं होतं, कच्चं दूध पितात का म्हणून."

"पीत नाहीच ती," वन्सं ठासून म्हणाल्या. "थुंकते." आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली आला. अठरा वर्षं. दोनशे कॅन. गिऱ्हाइकांकडे जाणारा थेंबन्‌थेंब डेअरीत तापवूनच पुढे जायचा. कच्चं दूध फक्त एका माणसाच्या तोंडात जात होतं.

त्यानंतर जे घडलं ते भराभर घडलं. वन्संनी डेअरीच्या मॅनेजरला फोन लावला आणि धाकट्या डॉक्टरने सांगितला तो प्रश्न विचारला. गेल्या वर्षभरात कुणाच्या गाईम्हशी गाभडल्या का, म्हणजे त्यांचे गर्भ पडले का? मॅनेजर आधी गुळमुळीत बोलू लागला. "मला शिवण उसवता येते," वन्सं म्हणाल्या, "माणूस उसवायचीही तयारी आहे." मग त्याने सांगितलं. एका मोठ्या गोठ्यात मागच्या वर्षी एकापाठोपाठ नऊ गाई गाभडल्या होत्या. दूध मात्र येत राहिलं होतं.

धाकटी डॉक्टर ते ऐकून जवळजवळ पळतच मोठ्या डॉक्टरांकडे गेली. जनावरांत एक जंतू असतो, ब्रुसेला. कच्च्या दुधातून माणसात येतो, अंगात दबा धरून बसतो, संध्याकाळचा ताप, घाम, कंबरदुखी. क्वचित कधी तो मेंदूच्या आवरणात शिरतो आणि तिथे हुबेहूब टीबीचं सोंग घेतो. कानही खातो. आणि टीबीच्या औषधांतलं एक औषध त्यालाही थोडंफार लागू पडतं. म्हणूनच वहिनी अर्ध्या बऱ्या झाल्या होत्या. मोठे डॉक्टर टेबलाशी बसून सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "लॅबला फोन कर. रक्त आणि पाठीतलं पाणी, दोन्ही. जंतू वाढवायला ठेवलेली नळी तीन आठवडे फेकू नका म्हणावं. आणि जपून हाताळा म्हणावं, हा जंतू लॅबवाल्यांनाही सोडत नाही."

रक्ताची तपासणी दोन दिवसांत आली. ब्रुसेला. पाठीतल्या पाण्याची आली. तिथेही तोच. अठराव्या दिवशी नळीत प्रत्यक्ष जंतूच उगवला. बातमी सांगायला धाकटी डॉक्टर लॅबमधून धावत आली आणि वन्संनी तिला उभ्या वॉर्डात मिठी मारली. चष्मा पडला, तो दादाने उचलून दिला. गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदाच शत्रूचा चेहरा दिसला होता. चेहरा दिसला की वन्संना कुणाचीच भीती वाटत नसे.

उपचार रक्ताच्या निकालाबरोबरच सुरू झाले होते, आणि ते लांबलचक होते. सहा आठवडे रोज इंजेक्शन, आणि दोन प्रकारच्या गोळ्या निदान सहा महिने. मध्येच बरं वाटलं म्हणून थांबवल्या तर जंतू परत येणार, हे मोठ्या डॉक्टरांनी तीनदा बजावलं. वन्संना एकदाच सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पहाऱ्याला बसावं तशी ड्यूटी धरली. एका गोळीने लघवी नारिंगी व्हायची, ती पहिल्या दिवशी बघून वन्संचं धाबं दणाणलं होतं, पण मग धाकट्या डॉक्टरने हसून सांगितलं की हे औषध पोटात गेल्याची खूण आहे, आणि तेव्हापासून त्या रंग बघून खूश व्हायच्या. दुसरी गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, उन्हात जायचं नाही, दुधाबरोबर घ्यायची नाही.

"दुधाचा प्रश्नच नाही," दादा म्हणाला, आणि हा त्याचा त्या वर्षातला एकमेव विनोद होता.

नवव्या दिवशी ताप गेला. बाराव्या दिवशी वहिनींनी उशी मागितली, स्वतःहून. पंधराव्या दिवशी वन्सं त्यांचे केस विंचरत होत्या. विंचरता विंचरता, सवयीने, फारशी आशा न धरता त्या म्हणाल्या, "केस किती गळलेत तुझे. तुझ्या आईचेही असेच विरळ होते."

वहिनींनी मान वळवली. डोळे ओळखीचे होते. "माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या घरी तर टकलांची मिरवणूक आहे. स्वतःचा भांग बघा आधी, तिथून विमान उतरेल."

वन्संच्या हातातून कंगवा पडला. "दादा!" त्या ओरडल्या. "दादा, ती बोलली! उलट बोलली!" व्हरांड्यातून दादा धावत आला, नर्स धावत आली, शेजारच्या आजीबाई उठून बसल्या. वन्सं हसत होत्या, रडत होत्या आणि वहिनींना म्हणत होत्या, "बोल, अजून बोल, माझ्या रंगावर बोल, माझ्या नाकावर बोल." वहिनी म्हणाल्या, "एका दिवसात संपणारा विषय आहे का तो?" दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा तो फक्त वाचताना लावायचा, पण त्या दिवशी कुणी त्याला टोकलं नाही.

डावा कान पुरता परत आला नाही. वहिनींनी त्याचा सोयीस्कर उपयोग करून घेतला. वन्सं सुरू झाल्या की त्या डावी बाजू त्यांच्याकडे करत. सातव्या महिन्यात त्या कामावर गेल्या. आता ओट्यावर जिभेला बंदी होती, यंत्रं दोन आणखी आली होती आणि सगळ्या गोठ्यांतल्या जनावरांची तपासणी झाली होती. त्या मोठ्या गोठ्यातली रोगट जनावरं वेगळी काढली होती. तिथला मालक आणि त्याची बायको वर्षभर सांधेदुखीचे लेप लावत होते, त्यांनाही आता त्याच गोळ्या चालू होत्या आणि दोघंही चालायला लागले होते. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी झाकण उघडल्याबरोबर नुसत्या वासावर एक कॅन बाजूला काढला. यंत्राने चार मिनिटांनी तेच सांगितलं. ट्रकवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

गोळ्या बंद झाल्यावर तीन महिन्यांनी पाठीतलं पाणी शेवटचं तपासायचं होतं. ते तीन महिने वन्संनी जीव मुठीत धरून काढले. वहिनी एखादं उत्तर द्यायला क्षणभर थांबल्या की या लगेच दुसरा खडा टाकून बघायच्या. निकालाच्या दिवशी तिघंही हॉस्पिटलात गेले. धाकटी डॉक्टर कागद हलवतच व्हरांड्यात आली. "तीन पेशी! कुणाच्याही असतात तेवढ्या. साखर भरपूर. जंतूचा मागमूस नाही. संपलं, मावशी, बऱ्या झालात तुम्ही." वहिनी म्हणाल्या, "संपलं?" आणि त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. दादाने पुन्हा पुन्हा विचारून "तीन" हा आकडा चार वेळा वदवून घेतला.

"आता पाच मिनिटं माझ्याबरोबर या," मुलगी म्हणाली. "मोठे डॉक्टर शिकवतायत. त्यांना तुम्ही हव्या आहात."

पायऱ्यापायऱ्यांचा हॉल होता आणि पन्नास-साठ डॉक्टर बसलेले. वहिनींना पुढे खुर्ची दिली, दादाला पहिल्या रांगेत जागा मिळाली. वन्सं दाराशीच उभ्या राहिल्या. मोठ्या डॉक्टरांनी फळ्यावर सगळी हकीकत मांडली आणि मग खडू खाली ठेवला. "इथे मी चुकलो," ते म्हणाले. "उत्तर मिळालं आणि मी ते कागदावर उतरवलं. या बाई दिवसभर हाताने, तोंडाने काय करतात, ते विचारलं नाही. आजारी माणसाला त्याचं काम करून दाखवायला सांगा. आमच्या या धाकट्या डॉक्टरने ते बघितलं, म्हणून या आज आपल्यासमोर बसल्यात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी डॉक्टर लाजून चूर झाली.

"तुम्हाला काही सांगायचंय?" मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना विचारलं.

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी चांगला कान हॉलकडे केला आणि दाराकडे बोट दाखवलं. "त्या दाराशी उभ्या आहेत ना, त्या माझ्या वन्सं. तुम्ही फळ्यावर डोकेदुखीपासून सुरुवात केलीत. डोकं दुखायच्या आधी तीन आठवडे यांनी ओळखलं होतं. मलाही कळलं नव्हतं. मी बरी झाले असं घरातले, तुम्ही, सगळे म्हणत होते, तेव्हा या एकट्या नाही म्हणत होत्या. तुमच्याशी भांडल्या, आमच्या मॅनेजरशी भांडल्या." त्यांनी वन्संकडे बघितलं. "एकोणीस वर्षांत मी यांना एक चांगला शब्द बोललेले नाही. आज बोलते. मी यांच्यामुळे जिवंत आहे."

साठ माना दाराकडे वळल्या. वन्संनी पदराचा शोध घेतला, सापडला नाही, मग तळहातानेच डोळे पुसले. "मला कसलं आलंय कौतुक," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "ही गेली असती तर मी बोलले कुणाशी असते? मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. फार भीती वाटत होती."

मग मोठे डॉक्टर टेबलामागून बाहेर आले, स्वतःची खुर्ची उचलून वहिनींच्या शेजारी ठेवली आणि वन्संना हाताला धरून तिच्यावर आणून बसवलं.